विधानसभा मतदारसंघांचे नकाशे आणि लोकसंख्येचा तपशील : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मतदारसंघाचा नकाशा मागायला येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, हा नकाशा सरकारकडे तयार असेलच, मग त्याचे पैसे कशाचे? प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात त्याच्या उत्तराने करतो.

महाराष्ट्रातील २८८ विधानसभा मतदारसंघांच्या आजच्या सीमा २००२ च्या परिसीमन (म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखण्याच्या) कायद्यानुसार नेमलेल्या, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ठरवल्या. २००८ चा आदेश त्यांचा आधार असून २००९ पासूनच्या निवडणुका त्यानुसार झाल्या आहेत. या आदेशात सीमा शब्दांत सांगितलेली आहे : अमुक तालुका पूर्ण, तमुक तालुक्यातील ही महसूल मंडळे, त्या मंडळातील एवढेच सजे (एका तलाठ्याकडील गावांचा गट म्हणजे सजा), महानगरपालिकेचे हे वॉर्ड. बारामतीसारख्या मतदारसंघाचे काम सोपे असते, कारण तेथे पूर्ण तालुका म्हणजेच मतदारसंघ. पण शेजारच्या भागात आंबेगाव मतदारसंघात आंबेगाव तालुक्याबरोबर शिरूर तालुक्याचाही काही भाग येतो आणि उरलेले शिरूर हवेलीचा भाग जोडून वेगळा मतदारसंघ होते. अशा ठिकाणी सजाखालील प्रत्येक गाव शोधून, त्याची शीव जुळवून मगच रेषा ओढावी लागते. आमच्या कामाचा सर्वाधिक वेळ यात जातो.

आदेशातील तालुके, मंडळे व सजे हे १५ फेब्रुवारी २००४ रोजी जसे होते तसे धरायचे असतात, ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. त्यानंतर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि पुणे महापालिकेत २०१७ साली ११ व २०२१ साली आणखी २३ गावे आली, तरी विधानसभेची सीमा तसूभरही हललेली नाही. शहरात तर घोळ आणखी वाढतो. आदेशातील वॉर्ड क्रमांक जुने आहेत. पुण्यात २०१२ ची महापालिका निवडणूक द्विसदस्यीय प्रभागांनी, तर २०१७ ची बहुतांशी चार सदस्यांच्या ४१ प्रभागांनी झाली. त्यामुळे ‘आमचा प्रभाग कोणत्या विधानसभेत येतो’ याचे उत्तर पुष्कळदा ‘थोडा या, थोडा त्या’ असे असते आणि नकाशावर आम्ही ते तसेच दाखवतो. प्रभाग एका मतदारसंघात ढकलून देणे दिसायला नीटनेटके असते, परंतु ते चूक आहे.

आता लोकसंख्येविषयी. जनगणना विधानसभानिहाय आकडे प्रसिद्ध करत नाही. ती गाव आणि वॉर्ड या पातळीवर देते. म्हणून मतदारसंघातील प्रत्येक गावाचा आकडा घेऊन बेरीज करावी लागते आणि त्यासाठी २००१ व २०११ या दोन्ही जनगणनांचे गावांचे संकेतांक, जे एकमेकांशी जुळत नाहीत, आधी जोडून घ्यावे लागतात. केवळ नावावरून जुळणी केली की काय होते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. सुरुवातीच्या काळातील एका तक्त्यात कात्रजजवळच्या आंबेगाव बुद्रुकची लोकसंख्या थेट घोडेगाव-मंचरकडच्या आंबेगावात जाऊन बसली होती. मंचरच्या ग्राहकाने तक्ता पाहून विचारले, “आमच्याकडे शेती सोडून एवढे इतर कामगार आले कुठून?” तेव्हा चूक उघडी पडली. तेव्हापासून खुर्द, बुद्रुक, पिंपळगाव, वडगाव अशी नावे आली की संगणकाने जुळवलेली जोडी माणूस पुन्हा तपासतो. लोकसंख्या शून्य असलेली ओसाड गावेही आम्ही नकाशातून वगळत नाही. वगळली तर मतदारसंघाच्या मधोमध भोक पडते आणि क्षेत्रफळ चुकते.

क्षेत्रफळ व घनतेच्या बाबतीत एक तांत्रिक सूचना आहे. ७८ अंश पूर्व रेखांश विदर्भातून जात असल्याने राज्य मोजणीच्या दोन पट्ट्यांत (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्यासाठी पाडलेल्या उभ्या भागांत) विभागले जाते. अमरावती शहर एका पट्ट्यात, तर यवतमाळ शहर दुसऱ्यात पडते. आमच्या शेपफाईलमधील (संगणकावर वापरायच्या नकाशाच्या फाईलमधील) क्षेत्रफळ ज्या त्या पट्ट्यात मोजलेले असते, त्यामुळे तुम्ही पूर्ण राज्याची फाईल एकाच पट्ट्यात उघडून पुन्हा मोजल्यास पूर्वेकडील आकड्यांत थोडा फरक दिसेल.

प्रत्येक मतदारसंघासोबत एकूण व ० ते ६ वयोगटाची लोकसंख्या, स्त्री-पुरुष संख्या, साक्षर, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग व इतर अशी कामगारांची विभागणी मिळते. धर्माची आकडेवारी गावपातळीवर प्रसिद्ध झालेली नसल्याने ती मतदारसंघाला लावून देता येत नाही. आणि जातीविषयी स्पष्टच लिहितो, कारण निवडणूक जवळ आली की सर्वाधिक मागणी हीच असते : अनुसूचित जाती व जमाती सोडून अन्य कोणत्याही जातीची मतदारसंघनिहाय टक्केवारी आम्ही देत नाही. २०११ च्या जनगणनेत ती मोजलेली नाही. मतदार यादीतील आडनावांवरून अंदाज बांधून देणारे बाजारात आहेत. पाटील, जाधव, पवार, शिंदे ही आडनावे किती समाजांत आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याने त्या तक्त्यावर किती भरवसा ठेवायचा ते स्वतः ठरवावे.

लोकसंख्या आणि मतदारसंख्या या दोन रकान्यांची गल्लत करू नये. आयोगाने सीमा आखल्या त्या २००१ च्या ९,६८,७८,६२७ लोकसंख्येवर, म्हणजे मतदारसंघामागे सरासरी ३,३६,३८४ माणसे धरून; २९ जागा अनुसूचित जातींसाठी व २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाल्या त्याही त्याच जनगणनेवरून. २०११ मध्ये ही सरासरी ३,९०,१८९ झाली. परंतु वाढ सगळीकडे सारखी झाली नाही : २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पनवेल आणि चिंचवडमध्ये प्रत्येकी सहा लाखांहून अधिक मतदार होते, तर मुंबईतील वडाळ्यात सुमारे दोन लाख. पनवेलसारख्या ठिकाणी २०११ ची लोकसंख्या आजच्या मतदारसंख्येशेजारी ठेवली, तर तक्ता चुकल्यासारखा वाटेल. तो चुकलेला नसतो, जुना असतो. म्हणून प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर वर्ष छापलेले असते. मधल्या वर्षांचे अंदाज हवे असल्यास आम्ही वेगळ्या पानावर, वेगळ्या रंगात देतो आणि मूळ आकड्यांत मिसळत नाही.

पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, आणि राज्यघटनेनुसार जागांच्या फेरवाटपावरील स्थगिती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच आहे. त्यानंतर सीमा नव्याने आखल्या जाऊ शकतात, त्यामुळे आज घेतलेला नकाशा कायमचा समजू नये. नवी आकडेवारी आली की तुमच्या फाईलमधील गावांचे संकेतांक तसेच ठेवून नवे रकाने जोडता येतील, अशी रचना आम्ही आधीच केलेली आहे.

मागणी नोंदवताना मतदारसंघाच्या नावाबरोबर क्रमांकही लिहावा (अक्कलकुवा १ पासून जत २८८ पर्यंत हे क्रमांक आहेत), नकाशा छापायचा आहे की संगणकावर वापरायचा ते सांगावे, आणि मतदान केंद्रे दाखवायची असल्यास कोणत्या निवडणुकीची ते वर्षासह कळवावे, कारण केंद्रांचे क्रमांक बदलत असतात. नकाशा हाती आल्यावर तुमच्या ओळखीच्या दोन-तीन सीमेवरच्या गावांवर बोट ठेवून पाहा. काही खटकले तर गावाचे व सजाचे नाव कळवा. आदेशातील मजकुराशी ताडून, चूक आमची असेल तर दुरुस्त नकाशा विनामूल्य देऊ.