डूम, एमएफ

(१३ जुलै १९७१ – ३१ ऑक्टोबर २०२०). अमेरिकेतील स्वतंत्र, अंडरग्राउंड हिपहॉपचा अग्रगण्य रॅपर (ठेक्यावर यमकबद्ध शब्द म्हणणारा गायक) व संगीतनिर्माता. मूळ नाव डॅनिएल डूमिले. धातूचा मुखवटा चढवून तो रंगमंचावर येई आणि गीतांत स्वतःचा उल्लेख बहुधा तृतीयपुरुषी, खलनायक म्हणून करी. ‘अंडरग्राउंड’ हा शब्द येथे गुप्त या अर्थाने घ्यावयाचा नाही. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या आणि व्यापारी रेडिओ यांच्या बाहेर, छोट्या कंपन्यांमार्फत चालणारा व्यवहार एवढाच त्याचा अर्थ. डूमची जवळजवळ सगळी ख्याती या व्यवहारात झाली.

त्याच्या जन्माविषयी नोंदी जुळत नाहीत. ९ जानेवारी १९७१ ही तारीख बराच काळ छापली जात होती. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या चरित्रविषयक लेखनात १३ जुलै ही तारीख येते व येथे तीच स्वीकारली आहे. सुरुवातीच्या लेखनात तो न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा म्हणून ओळखला जाई, कारण त्याचे बालपण तेथेच गेले. जन्म मात्र लंडनचा. आई त्रिनिदादची आणि वडील झिंबाब्वेचे होते. अमेरिकेचे नागरिकत्व त्याने कधीच घेतले नव्हते, आणि २०१० मध्ये त्याला तेथे परत प्रवेश नाकारला गेला. जन्मस्थळाबद्दल शंका राहू नये इतका हा पुरावा बोलका आहे.

‘डूम’ या नावाच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एक मत असे, की हे नाव मार्व्हल कॉमिक्समधील डॉक्टर डूम या खलनायकावरून घेतले. दुसऱ्या मताप्रमाणे आडनावाच्या पहिल्या भागावरून पडलेले ते लहानपणचे टोपणनाव होय. दोन्ही मते एकमेकांना छेद देत नाहीत. आडनावातून मिळालेला आवाज हातात होता, कॉमिक्समधल्या पात्राने त्याला चेहरा दिला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘एमएफ’ची फोड गाताना ‘मेटल फेस’ (धातूचा चेहरा) आणि बीट (शब्दांखालचे ठेक्याचे संगीत) रचताना ‘मेटल फिंगर्स’ (धातूची बोटे) अशी होते. रोमन लिपीत हे नाव सर्वच्या सर्व मोठ्या अक्षरांत लिहावे असा त्याचा आग्रह होता व त्यावर त्याने एक गीतही रचले. देवनागरीत लहानमोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने तो आग्रह येथे पाळता येत नाही.

कारकिर्दीचा पहिला टप्पा मोठ्या कंपनीतला आहे. १९८८ च्या सुमारास डॅनिएल व त्याचा धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे ऊर्फ डीजे सबरॉक यांनी केएमडी हा गट काढला. तेव्हा डॅनिएल ‘झेव्ह लव्ह एक्स’ या नावाने गाई. १९८९ मध्ये थर्ड बेस या गटाच्या ‘द गॅस फेस’ या गीतात त्याचा आवाज प्रथम सर्वदूर ऐकू आला. पुढे इलेक्ट्रा कंपनीने केएमडीला करारबद्ध केले आणि १९९१ मध्ये ‘मिस्टर हूड’ हा अल्बम निघाला. दुसऱ्या अल्बमचे काम संपत आले असतानाच, एप्रिल १९९३ मध्ये, लाँग आयलंडवरील एक द्रुतगती रस्ता ओलांडताना सबरॉक मोटारीखाली सापडून मरण पावला. तो अवघा १९ वर्षांचा होता. भावाने अल्बम एकट्याने पुरा केला. त्याच्या मुखपृष्ठावर काळ्या माणसाचे जुन्या धर्तीचे विडंबनचित्र फासावर लटकवलेले होते. चित्र डॅनिएलनेच काढलेले. फाशी जायची ती वर्णद्वेषातून आलेल्या प्रतिमेला, हा त्यातला अर्थ. व्यापारी वर्तुळात त्यावर टीका होताच १९९४ मध्ये इलेक्ट्राने अल्बम रोखला आणि करार संपवला. ‘ब्लॅक बास्टर्ड्‌स’ नावाचा हा अल्बम काही वर्षे चोरट्या प्रतींतून फिरत राहिला व २००० च्या सुमारासच अधिकृतपणे बाजारात आला.

१९९४ ते १९९७ हा काळ अंधुक आहे. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर फिरत, बाकांवर झोपत दिवस काढल्याचे त्याने पुढे सांगितले. याच दशकात तो अटलांटाला राहावयास गेला.

पुनरागमन १९९७ च्या सुमारास झाले. मॅनहॅटनमधील न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत कोणीही मंचावर येऊन गावे अशा खुल्या मैफली होत. तेथे तो चेहऱ्यावर बायकांचा पातळ पायमोजा ओढून उभा राहिला. त्याच सुमारास रेडिओनिवेदक बॉबिटो गार्सियाच्या फाँडल एम या कंपनीने त्याच्या पहिल्या तबकड्या काढल्या. बॉबिटो आणि त्याचा सहकारी स्ट्रेच आर्मस्ट्राँग यांचा कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओकेंद्रावरील मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम हे त्या काळी कराराविना असलेल्या रॅपरांचे मुख्य व्यासपीठ होते. १९९९ मध्ये ‘ऑपरेशन : डूम्सडे’ हा अल्बम निघाला; वर्ष नक्की आहे, महिना मात्र कोठे एप्रिल तर कोठे ऑक्टोबर असा नोंदलेला सापडतो. शाडे, क्विन्सी जोन्स, स्टीली डॅन यांच्या मऊ, रेडिओवर रुळलेल्या गाण्यांचे तुकडे कापून त्यावर खडबडीत आवाजातले शब्द बसवणे ही त्याची रीत येथे पूर्ण झालेली दिसते. अल्बमच्या अधल्यामधल्या जागा कार्टूनमधील संवादांनी भरल्या आहेत.

मुखवटा कसा घडला याविषयीची माहिती मुख्यतः कीओ या भित्तिचित्रकार मित्राकडून येते. आरंभीचा मुखवटा खेळण्याच्या दुकानातला, प्लॅस्टिकचा, वर चंदेरी रंग मारलेला होता. नंतर २००० सालच्या ‘ग्लॅडिएटर’ चित्रपटातील शिरस्त्राणाची प्रतिकृती मिळवून तिचा पुढचा पत्रा वेगळा काढण्यात आला, आणि तोच त्याची खूण ठरला. मुखवट्याच्या हेतूबद्दल मतभेद आहेत. काहींना त्यात भावाच्या मृत्यूचे दुःख झाकणे दिसते, काहींना केवळ जाहिरातीची क्लृप्ती. तो स्वतः सांगे, की रॅपमध्ये माणसाचे दिसणे विकले जाते, शब्द ऐकले जात नाहीत. म्हणून चेहरा काढून टाकला. ज्या कंपनीने चित्रावरून करार मोडला तिचा अनुभव लक्षात घेता त्याचेच स्पष्टीकरण अधिक पटते.

स्वतंत्र राहण्याचे त्याचे खरे साधन मात्र मुखवट्यापेक्षा नावे हे होते. २००३ व २००४ या दोन वर्षांत त्याचे पाच अल्बम चार नावांनी, पाच कंपन्यांकडून आले. किंग गिडोरा (जपानी चित्रपटांतील तीन डोक्यांचा राक्षस) या नावाने लंडनच्या बिग दादाकडून. व्हिक्टर व्हॉन (डॉक्टर डूमच्या मूळ नावाचा अपभ्रंश) या नावाने साउंड-इंक व इन्सॉम्नियॅककडून. संगीतनिर्माता मॅडलिब याच्यासह मॅडव्हिलेन म्हणून लॉस अँजेलिसच्या स्टोन्स थ्रोकडून. आणि एमएफ डूम या नावाने मिनिॲपोलिसच्या राइमसेअर्सकडून ‘एमएम..फूड’. या शेवटच्या नावात ‘एमएफ डूम’चीच रोमन अक्षरे उलटसुलट मांडली आहेत. प्रत्येक नावाचा स्वभाव निराळा : व्हॉन तरुण व उर्मट, तर गिडोरा माणसांकडे परक्याच्या नजरेने पाहणारा. कोणा एकाच कंपनीच्या हाती सगळे न देता काम करीत राहण्याची ही युक्ती त्याच्या पिढीत इतक्या सफाईने दुसऱ्या कोणी वापरलेली नाही. ‘स्पेशल हर्ब्‌स’ ही शब्दांविना नुसत्या बीटची मालिका मेटल फिंगर्स या नावाने याच काळात निघत होती.

‘मॅडव्हिलेनी’ (२००४) ही त्याची सर्वांत मान्यता पावलेली कृती. स्टोन्स थ्रोच्या लॉस अँजेलिसमधील घराखाली जुने बाँबनिवारा-तळघर होते. मॅडलिब तेथे बीट रची, डूम वरती बसून ओळी लिही, आणि दोघांत बोलणे फारसे होत नसे. सुरुवातीचा करार कागदी ताटलीवर लिहून सही केलेला होता. २००२ च्या अखेरीस मॅडलिब ब्राझीलला गेला असता हॉटेलच्या खोलीत सोबत नेता येणारा टर्नटेबल (तबकडी वाजवण्याचे यंत्र), कॅसेट डेक आणि बॉस कंपनीचा छोटा सॅम्पलर (ध्वनीचे तुकडे कापून वाजवणारे यंत्र) एवढ्या सामग्रीवर त्याने काही बीट तयार केले. त्यानंतर अल्बमचा कच्चा खर्डा बाहेर फुटला आणि दोघांनी काम बाजूला ठेवले. पुन्हा हाती घेतल्यावर डूमने सगळे शब्द खालच्या, संथ आवाजात नव्याने म्हटले. आज ऐकू येतो तो हा आवाज. २२ गीते, सुमारे ४६ मिनिटे, ध्रुवपदे जवळजवळ नाहीतच. अमेरिकेतील अल्बमच्या खपाच्या बिलबोर्ड यादीत तो १७९ व्या स्थानापर्यंतच गेला. (मॅडलिबने २००७ मध्ये ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ हा हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर रचलेला अल्बम काढला, आपल्याकडच्या श्रोत्यांपैकी काही जण त्या वाटेने डूमपर्यंत पोहोचले असतील.)

त्याच्या रचनेचा गाभा यमक हा आहे. साधा रॅपर ओळीच्या शेवटी एक-दोन अक्षरांचे यमक जुळवतो. डूम चार-पाच अक्षरांचा सबंध तुकडा पुढच्या ओळीत तशाच स्वरांनी परत आणतो, मध्ये अंतर्यमकेही पेरतो, आणि अपेक्षित शब्दाच्या तोंडाशी येऊन भलताच शब्द ठेवतो. पंडिती काव्यातली यमके कानात असलेल्या मराठी वाचकाला हा खटाटोप ओळखीचा वाटेल. फरक असा, की येथे ते यमक खाण्याचे पदार्थ, टीव्हीवरच्या जाहिराती, उधारी अशा रोजच्या गोष्टींवर चालते आणि गायक ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळत असल्याने सहज बोलल्यासारखे भासते.

‘द माउस अँड द मास्क’ (२००५, संगीतनिर्माता डेंजर माउससह) आणि ‘बॉर्न लाइक धिस’ (२००९) यांनी त्याचा श्रोतृवर्ग वाढवला. दुसरा अल्बम बिलबोर्डवर ५२ वा आला. २००७ पासून काही कार्यक्रमांत मुखवट्यामागे दुसराच माणूस ओठ हलवीत असल्याचे उघड झाले. आपण लेखक-दिग्दर्शक आहोत, पात्र कोणी वठवावे हे आपण ठरवू, अशी त्याची भूमिका होती. त्याच्या विचाराशी ती सुसंगत असली, तरी तिकीट काढून आलेल्या श्रोत्याची फसगत झाली हे नाकारता येत नाही.

२०१० च्या युरोप दौऱ्यानंतर अमेरिकेची दारे बंद झाल्याने तो इंग्लंडमध्येच राहिला. तेथील वर्षांत ‘की टू द कफ्स’ (२०१२, संगीतनिर्माता जनेरो जॅरेलसह) आणि ‘नेहरूव्हियनडूम’ (२०१४) हे अल्बम झाले. दुसऱ्यातील सहगायक बिशप नेहरू या न्यूयॉर्कच्या तरुणाने आपल्या नावाचा उत्तरार्ध जवाहरलाल नेहरूंवरून घेतला आहे. या काळाविषयी तपशील थोडे आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये डूमचा १४ वर्षांचा मुलगा वारला.

३१ ऑक्टोबर २०२० रोजी लीड्‌स येथे त्याचे निधन झाले. ही बातमी पत्नीने ३१ डिसेंबरला, दोन महिन्यांनी, जाहीर केली. रक्तदाबावरील औषधाच्या दुष्परिणामाने घशाला सूज येऊन मृत्यू आल्याचे २०२३ मधील चौकशीत पुढे आले. गीते लिहिलेल्या त्याच्या ३१ वह्या लॉस अँजेलिसमध्ये राहिल्या होत्या, आणि २०१० नंतर तो स्वतः त्या आणायला जाऊ शकला नव्हता. त्यांच्या ताब्यावरून २०२३ मध्ये दावा दाखल झाला; तो तडजोडीने मिटून वह्या कुटुंबाकडे परत आल्या.