महामारीतले निर्बंध आणि इतर साथरोगांचं नियंत्रण

एखादी मोठी साथ अडवायला टाळेबंदी, जिल्हाबंदी, विलगीकरण लावलं की बाकीच्या संसर्गजन्य रोगांचा शोध, उपचार आणि लसीकरण यांचं काय होतं, त्याची ही नोंद. उदाहरणं शक्यतो खानदेशातली, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारची.

निर्बंधांचा कायदा जुना आहे. १८९६च्या मुंबईतल्या प्लेगनंतर १८९७चा साथरोग कायदा आला (तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता, पूर्व-पश्चिम फाळणी १९०६ची) आणि तोच राज्यात १३ मार्च २०२०ला पुन्हा लावला गेला. "बाकीच्या रोगांचं काय" हा प्रश्न मात्र बराच नंतरचा, तो साधारणपणे पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४-१५च्या इबोला साथीपासून धरतात. तिथे आरोग्यसेवा कोलमडल्याने हिवताप, एचआयव्ही आणि टीबीने सुमारे १०,६०० जास्तीचे मृत्यू झाले असा एक अंदाज आहे.

खरा वाद आकड्यांचा आहे. नोंद घटली म्हणजे रोग घटला का? भारतात २०१९ला टीबीचे सुमारे २४ लाख पेशंट नोंदले गेले, २०२०ला १८ लाखच. टीबी असा वर्षभरात पाव हिश्शाने कमी होत नाही, जंतू अंगात वर्षानुवर्षं सुप्त राहतो, त्यामुळे हे पेशंट घरातच खोकत राहिले असं मानणंच जास्त पटतं. बेडका तपासणारी सीबीनॅट, ट्रूनॅट मशिनं कोविडकडे वळली, एसटी बंद, आणि खोकला सांगितला तर उचलून क्वारंटाईनला नेतील ही भीती वेगळीच. गुजरातेत मजुरीला गेलेली अक्कलकुवा, धडगावकडची माणसं परत निघाली तेव्हा किमान सहा महिने चालणारा टीबीच्या गोळ्यांचा कोर्स एका जिल्ह्यात आणि पेशंट दुसऱ्या जिल्ह्यात, असं व्हायला वेळ लागत नाही. फ्लूचं उलट आहे, तो बहुधा खरंच घटला, त्याचा बी/यामागाता हा प्रकार तर मार्च २०२०नंतर खात्रीने कुठे सापडलेलाच नाही.

डेंग्यू या दोन्हींच्या मधे अडकतो. देशात २०१९ला दीड लाखाच्या वर केसेस, २०२०ला ४४,५८५, २०२१ला १,९३,२४५. माणसांची ये-जा थांबल्याने लॅटिन अमेरिका आणि आग्नेय आशियात २०२०ला सुमारे ७ लाख २० हजार केसेस टळल्या असं एक अभ्यास सांगतो. पण डेंग्यू पसरवणारा डास दिवसा आणि घरातच चावतो, आणि जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर भरलेले, नळाला रोज पाणी नाही म्हणून टाक्या-रांजण भरलेले, त्यात अबेट (डासांच्या अळ्या मारायचं औषध) टाकायला येणारा माणूस कोविड सर्व्हेला गेलेला. म्हणून इथे तरी तापाच्या टेस्टच कमी झाल्या हे कारण आधी तपासायला हवं.

कुष्ठरोगाचे नवे पेशंट देशात १ लाख १४ हजारांवरून (२०१९-२०) ६५ हजारांवर (२०२०-२१) आले. हा रोग घरोघर जाऊन चट्टे बघितल्याशिवाय सापडत नाही, आणि उशीर झाला की बोटं वाकडी होतात.

लसीकरणाचा परिणाम उशिरा दिसतो. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस) पहिला डोससुद्धा न मिळालेली मुलं देशात २०१९ला १४ लाख होती, २०२०ला ३० लाख. २०२२च्या शेवटी गोवर मुंबईत, भिवंडीत आणि धुळ्याला लागून असलेल्या मालेगावात उसळला. तेव्हा साथीच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यायचं ठरलं, आणि जिथे तान्ह्यांमधे केसेस जास्त तिथे सहा महिन्यांच्या बाळांपासूनच.