हिरवी केळी पिवळी होते, त्यामागचा वायू

रावेर, यावल, सावदा भागातला केळीचा घड कापला जातो तो हिरवा, टणक, तुरट असतानाच. म्हणून तर तो उत्तरेतल्या बाजारांपर्यंतचा प्रवास सोसतो. पुढे वखारीत काही दिवसांत तो पिवळा, मऊ, गोड होतो. शाळेच्या पुस्तकात 'फळ पिकणे' हे रासायनिक बदलाचे उदाहरण एका ओळीत उरकतात. केळीच्या मुलखातल्या मुलांना एवढ्यावर सोडणे मला बरे वाटत नाही.

वेफरसाठी कच्ची केळी किसली तर आकार बदलतो, पदार्थ तोच राहतो. हा भौतिक बदल. पिकताना मात्र आतला पदार्थच बदलतो. कच्च्या केळीची फोड घेऊन तिच्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, जागा निळी-काळी पडते. तो स्टार्च. पूर्ण पिकलेल्या केळीवर थेंब तपकिरीच राहतो, कारण बहुतेक स्टार्चची साखर झालेली असते. स्टार्चपासून साखर होते हे किर्चहॉफ यांनी 1811 च्या सुमारास रशियात स्टार्च आम्लात उकळून दाखवले. मग 1833 मध्ये फ्रान्समध्ये पायें आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून, आम्लाशिवाय हेच काम करणारा पदार्थ वेगळा केला. त्याला त्यांनी डायास्टेज म्हटले. आज आपण अशा पदार्थांना विकर म्हणतो. केळीतही हे काम तिची स्वतःची विकरेच करतात.

पण ती कामाला लागतात कुणाच्या इशाऱ्यावर? याचे उत्तर मिळायला आणखी शंभर वर्षे गेली, आणि ते फळबागेत नव्हे, रस्त्यावरच्या दिव्यांच्या गॅसमध्ये सापडले. एकोणिसाव्या शतकात युरोपात गॅसच्या नळाला गळती लागली की जवळच्या झाडांची पाने झडत. 1901 मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेल्युबोव्ह यांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दोषी वायू ओळखला: इथिलीन. अमेरिकेत लिंबांना रंग यावा म्हणून खोलीत रॉकेलचे स्टोव्ह पेटवत. उष्णतेने रंग येतो असा समज होता. 1924 मध्ये डेनी यांनी दाखवले की काम धुरातल्या इथिलीनचे आहे. धूर देऊन फळे पिकवण्याच्या जुन्या रीतीचेही कारण यात सापडते. पुढे 1934 मध्ये इंग्लंडमध्ये गेन यांनी सिद्ध केले की पिकणारे फळ हा वायू स्वतःच तयार करते. मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर शोध हाच वाटतो. अढीत एक आंबा पिकला की शेजारचे का पिकतात, ते यातून कळते.

कॅल्शियम कार्बाइडचे प्रकरण मात्र वेगळे. व्होलर यांनी 1862 मध्ये कार्बाइडवर पाणी टाकून ॲसिटिलीन मिळवला होता. तो इथिलीनसारखा वागतो, पण त्याच्यापेक्षा कितीतरी दुबळा. शिवाय बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्यामुळे आपल्या देशात कार्बाइडने फळे पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग.

रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळे पिकवायच्या बंद खोलीत, इथिलीन सोडल्यावर दारे ठरावीक वेळाने उघडून हवा खेळती ठेवतात. पिकणारी केळी जोरात श्वसन करते, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि तो वाढला की इथिलीनचा परिणाम मंदावतो.