सायकलवर कंबर का धरते?

उभे राहा. दोन्ही अंगठे कमरेवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना दाबून धरा आणि हळूहळू पुढे वाका. सुरुवातीला अंगठ्यांखालचे स्नायू दोरखंडासारखे ताठ होतात. आणखी वाकत जा. बहुतेकांचे स्नायू एका टप्प्यावर अचानक मऊ पडतात. धडाचं वजन तेवढंच असतं, पण स्नायूंनी हात वर केलेले असतात! मग भार पडतो तो मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर आणि दोन मणक्यांमधल्या चकत्यांवर.

पाठीची कमान करून दोन-दोन तास पेडल मारणाऱ्याची कंबर याच अवस्थेच्या जवळपास असते. बराच वेळ ताणून धरलेले अस्थिबंध जुन्या इलॅस्टिकसारखे हळूहळू सैल पडतात. म्हणून पहिल्या दहा किलोमीटरला गप्प असलेली कंबर चाळिसाव्याला बोलायला लागते. आपण शिव्या घालतो खड्ड्यांना. खड्डे निर्दोष नाहीत, पण मला विचाराल तर मोठा गुन्हेगार एकाच जागी वाकून बसणं हाच. आणि हे फक्त कच्च्या गड्यांचं दुखणं नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 109 व्यावसायिक सायकलपटूंपैकी 58 टक्क्यांची कंबर आधीच्या वर्षभरात दुखलेली होती.

पुढे वाकायचंच आहे, तर ते खुब्यातून वाकावं, कमरेतून नव्हे. त्यासाठी श्रोणी, म्हणजे कमरेखालचा हाडांचा कटोरा, पुढे कलायला हवा. सीटचं नाक वर असेल तर तो मागेच अडकतो आणि हँडलपर्यंत पोहोचायला पाठीला गोल व्हावं लागतं. माझ्या सीटचं नाक बोटभर वर होतं, आणि ते मला दोन वर्षं कळलं नाही. मी आपला कमरेला मलम चोळत होतो. 1999 च्या एका अभ्यासात सीट पुढे 10 ते 15 अंश झुकवल्यावर बहुतेकांच्या कंबरदुखीला चांगला उतार पडला. सीटचा एवढा कल मात्र मला जास्त वाटतो, कारण माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातांवर येतो. दोन-तीन अंशांपासून सुरुवात करावी. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

सीट फार उंच असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे डुलते. मिनिटाला 80 फेऱ्या धरल्या तर तासाला 4,800 वेळा. स्वतःला हे दिसत नाही, मागून येणाऱ्या मित्राला बघायला सांगा. हँडल फार लांब किंवा फार खाली असणं हे आणखी एक नेहमीचं कारण. चढावर जड गिअर रेटण्याची हौसही महागात पडते. मांडीमागचे स्नायू थकले की धड आणखी खाली झुकतं.

व्यायामांबद्दल फार लिहीत नाही. उताणं पडून, पाय ताठ ठेवून सिट-अप्स काढण्यापेक्षा साइड प्लँक (कुशीवर होऊन एका कोपरावर अंग तोलून धरणं), किंवा रांगत्या स्थितीत समोरचा एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करणं कमरेला जास्त मानवतं.

मात्र पाय लुळा पडायला लागला, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सीटशी खेळत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावं. कंबरदुखीसोबत ताप असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तरीही डॉक्टरांकडे जावं. साध्या कंबरदुखीत मात्र अंथरूण धरणं फायद्याचं नाही. थोडं कमी अंतर, हलका गिअर, पण हालचाल चालू.

पहाटे निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर तरी जास्त भरते. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताणही जास्त येतो. उठल्या उठल्या वाकून पायाचे अंगठे धरण्याऐवजी थोडं चालून घ्यावं आणि सुरुवातीला हँडल वरच्या बाजूला धरून, पाठ जरा उंच ठेवूनच निघावं. पुढे दर पंधरा-वीस मिनिटांनी पेडलवर उभं राहून कंबर पुढे ढकलायची.

आणि राइड संपल्यावर? अस्थिबंध लगेच आवळत नाहीत, त्यांना पूर्ववत व्हायला वेळ लागतो. नेमक्या त्याच क्षणी आपण वाकून सायकल खांद्यावर घेतो आणि जिना चढायला लागतो. माझ्या कमरेत उसण भरली ती दोन्ही वेळा जिन्यात, रस्त्यावर एकदाही नाही. आता मी आधी सायकल भिंतीला टेकवतो, हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे वाकतो, पाणी पितो, मग सायकल उचलतो.