तमाशाचे अनुदान आणि रात्रीचे दहा

गुढीपाडव्याच्या आधी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत टेबल, टेबलावर तारखांची वही आणि समोर यात्रा कमिटीची माणसे. चैत्र पौर्णिमेला शेजारशेजारच्या गावांच्या यात्रा एकाच दिवशी येतात, म्हणून त्या तारखेची सुपारी, म्हणजे गावाने पैसे देऊन ठरवलेला खेळ, महाग. बाहेरच्या माणसाला वाटते की घासाघीस फक्त रकमेवरून होते. पण फडमालक रक्कम ठरल्यावरही एक वाक्य दोनदा म्हणून घेतो : "पोलीस परवान्याचं गावानं बघायचं."

हे वाक्य कुठून आले ते पाहायला पेशवाईपर्यंत जायची गरज नाही. शाहिरांच्या बिदाग्या आणि शनिवारवाड्याच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत. आजच्या सरकारी धोरणाचे मूळ त्यापेक्षा बरेच अलीकडे, स्वातंत्र्याच्या सुमाराला सापडते. मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि पुढे ती उठवली, पण अटींवर. वग, म्हणजे तमाशातले कथानाट्य, आधी लिहून काढायचा आणि तपासून घ्यायचा. तमाशा 'सुधारण्यासाठी' समितीही नेमली गेली. त्या काळात 'लोकनाट्य' हा शब्द फडांच्या कामी आला. अजूनही फलकांवर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असेच लिहिलेले असते : पहिला शब्द सरकारसाठी, दुसरा गावासाठी. वहीतला वग आणि रंगमंचावरचा वग मात्र कधी एक नव्हते. सोंगाड्या बतावणीत, म्हणजे आयत्या वेळच्या विनोदी संवादात, काय बोलणार, हे त्यालाही समोरचे गाव पाहिल्यावरच ठरवावे लागते. तपासणार काय?

परवाना पोलिसांकडे राहिला. सार्वजनिक करमणुकीच्या जागांबाबतचे 1960 चे जे नियम आहेत, त्यांच्या नावातच कॅबरे, मेळे आणि तमाशे एका दमात येतात. म्हणजे तमाशाला सरकारात दोन टेबले मिळाली. सांस्कृतिक खात्याच्या टेबलावर तो राज्याचा ठेवा आणि गृहखात्याच्या टेबलावर बंदोबस्ताचा विषय. या दोन टेबलांची आपसात गाठ पडली असती, तर पुढचा घोळ निम्मा कमी झाला असता.

घोळ रात्री दहाचा. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम 2000 साली आले आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीबाबत कडक निकाल दिला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. हे दिवस गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, 31 डिसेंबर असे वाटले जातात. गावाची यात्रा गावोगाव वेगळ्या तिथीला येते, त्यामुळे ती जिल्ह्याच्या एका यादीत मावत नाही. काही दिवस जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात असतात, पण ते एका फडाच्या हंगामाला पुरणार कसे?

नियमातला खरा काटा 'बंदिस्त जागा' या शब्दात आहे. सभागृह किंवा नाट्यगृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू येण्यापुरता ध्वनिक्षेपक रात्रीही चालतो. म्हणून थिएटरातली संगीतबारी, म्हणजे फक्त गाण्या-नाचाचा तमाशा, आणि शहरातल्या नाट्यगृहातला लावण्यांचा कार्यक्रम दहाच्या पलीकडे जाऊ शकतो. ढोलकी फडाची, म्हणजे गावोगाव फिरून वग करणाऱ्या तमाशाची, कनात चारही बाजूंनी बंद असते, दारावर तिकीट फाडले जाते, पण वर आभाळ आणि भोवती कापड. ती जागा बंदिस्त ठरत नाही. सुपारीच्या खेळाला तर कनातही नसते. अख्खे गाव मैदानात बसलेले असते. बाहेरून 'तमाशा' या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन धंद्यांपैकी या नियमाचा फटका मोठ्या, शंभर-शंभर माणसांच्या आणि ट्रकांवर फिरणाऱ्या फडालाच बसला.

आणि फटका कुठे बसला तेही पाहण्यासारखे आहे. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, हा क्रम. गाव जेवूनखाऊन नऊला जमते. पूर्वी वग उभा राही तेव्हा मध्यरात्र उलटलेली असे आणि तो पहाटेपर्यंत चाले. दहाला किंवा बाराला भोंगे बंद करायचे तर कापले काय जाणार? शेवटचे. गाणी राहिली, तीही सिनेमातली, वग गेला. ध्वनिप्रदूषण हा खरा त्रास आहे आणि दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला नियम हवाच. पण डीजेसाठी लागू पडणारे घड्याळ वगाला लावल्याने एक नाट्यप्रकार कापला जाईल, याचा विचार कुठल्याच टेबलावर झालेला दिसत नाही.

याच वर्षांत दुसऱ्या टेबलावर मात्र चांगली लगबग होती. तमाशासाठी राज्याचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला, शासनाचे तमाशा महोत्सव आणि प्रशिक्षण शिबिरे झाली, 2010 मध्ये राज्याचे पहिले सांस्कृतिक धोरण आले. शिबिरात वग शिकवला जातो, महोत्सवात, म्हणजे नाट्यगृहात, तो सादरही होतो. फडांना थेट अनुदान देताना 'पूर्णवेळ' आणि 'हंगामी' अशी वर्गवारी झाली. दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत सलग फिरणारा तो पूर्णवेळ, पाडव्याच्या आसपास उभा राहणारा तो हंगामी. वर्गवारी चुकीची नाही. पण अनुदानाची रक्कम वाढवून मागणारे फडमालक त्याच निवेदनात वेळ वाढवूनही मागत राहिले आणि वेळ द्यायचा अधिकार त्या खात्याकडे नव्हताच.

2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता. टाळेबंदीचा पहिला दिवस तोच. कलाकारांना उचल देऊन झाली होती, तारखा ठरल्या होत्या, ट्रक जागेवर उभे राहिले. पुढचे वर्षही तसेच गेले. 2021 मध्ये राज्याने प्रयोगात्मक कलांमधल्या सुमारे 56 हजार एकल कलाकारांना प्रत्येकी 5 हजार रुपये देण्याचे ठरवले. सावकाराच्या व्याजापुढे ही रक्कम किती, ते राहुटीत विचारावे.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना या सगळ्याहून जुनी, 1954-55 पासूनची. राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा श्रेण्या काढून 2024 मध्ये सर्वांना महिन्याला सरसकट 5 हजार करण्यात आले, हे चांगले झाले. अर्जासोबत कलाक्षेत्रात वर्षानुवर्षे काम केल्याचे पुरावे जोडायचे असतात. तमाशातल्या माणसाकडे पुरावा म्हणजे हँडबिल. त्यावर फडमालकाचे नाव ठळक असते, नाचणारीचा फोटो असतो; तुणतुणेवाल्याचे नाव नसते.