दुपारची शिल्लक वीज आणि गरम पाण्याची टाकी

छपरावरचे सोलर पॅनेल वीज देतात एका वेळी आणि घराला ती लागते दुसऱ्याच वेळी, हे पॅनेल बसवल्यावर पहिल्या आठवड्यातच लक्षात येते. भर दुपारी पॅनेलमधून ३००० वॅट येत असतात आणि घरात फ्रिज, राउटर आणि एखादा पंखा मिळून ३०० वॅटही खर्च होत नाहीत. उरलेली सगळी वीज मीटरमधून बाहेर ग्रिडकडे, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याकडे, निघून जाते. पहाटे किंवा रात्री आंघोळीसाठी गीझर लावावा, तर सूर्य नसतो आणि वीज ग्रिडकडूनच घ्यावी लागते. यावर बॅटरी हा उपाय चटकन सुचतो. पण ज्या घरात गरम पाण्याची बऱ्यापैकी मोठी टाकी आहे, त्या घरात ऊर्जा साठवण्याची सोय आधीपासूनच असते, आणि तिचा विचार बॅटरीच्या आधी व्हायला हवा असे मला मनापासून वाटते.

ही सोय केवढी आहे, याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि विजेचे एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. म्हणजे २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेले, तर त्यात सुमारे ९.३ युनिट ऊर्जा साठते. एवढी ऊर्जा साठवणारी बॅटरी घरगुती वापराच्या मानाने चांगलीच मोठी म्हणावी लागेल. शिवाय पाणी कितीही वेळा तापले आणि निवले तरी त्याची साठवण्याची क्षमता घटत नाही. टाकीला जाड उष्णतारोधक आवरण असेल, तर दिवसभरात साधारण एक ते दोन युनिटांइतकी उष्णता बाहेर झिरपते. दुपारी तापवलेले पाणी रात्री, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळीही, वापरण्याजोगे राहते.

तरीही टाकीला बॅटरी म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण तिच्यातली ऊर्जा वीज होऊन परत येत नाही. ६० अंशांचे पाणी आणि २० अंशांचा परिसर यांच्यामध्ये अगदी आदर्श यंत्र चालवले, तरी त्या उष्णतेच्या जेमतेम १२ टक्के भागाचेच यांत्रिक काम होऊ शकते. वीज ही उंच दर्जाची ऊर्जा आहे आणि गीझरच्या कॉइलमध्ये, म्हणजे पाणी तापवणाऱ्या तारेत, तिची उष्णता करणे म्हणजे तो दर्जा कायमचा गमावणे. म्हणून इथे सगळा भर ‘शिल्लक’ या शब्दावर आहे.

आणि ही शिल्लक स्थिर नसते, हीच खरी अडचण. समजा, दुपारी १ वाजता २७०० वॅट शिल्लक आहेत आणि २००० वॅटचा गीझर चालू आहे. एक ढग सूर्यासमोर येतो आणि काही सेकंदांत पॅनेलचे उत्पादन ३००० वरून ८०० वॅटवर घसरते. गीझरला याची काहीच कल्पना नसते. तो आपले २००० वॅट घेतच राहतो आणि घराचा इतर खर्च धरून १५०० वॅट ग्रिडकडून येऊ लागतात. ढग सरकतो, तेवढ्यात कोणी इस्त्री लावते आणि गणित पुन्हा बदलते. साध्या टायमरला यातले काहीच दिसत नाही.

शिल्लक क्षणोक्षणी मोजून तेवढीच वीज गीझरला देण्याचे काम डायव्हर्टर नावाचे छोटे उपकरण करते. मीटरजवळच्या मुख्य वायरभोवती एक चिमट्यासारखा सेन्सर बसवतात आणि वायर न कापता तो तिच्यातला प्रवाह मोजतो. घरातल्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाची दिशा दर सेकंदाला कित्येक वेळा उलटत असल्यामुळे नुसत्या प्रवाहावरून वीज आत येते आहे की बाहेर जाते आहे, हे कळत नाही. त्यासाठी डायव्हर्टर व्होल्टेजही त्याच क्षणी मोजतो आणि दोन्हींच्या गुणाकाराच्या चिन्हावरून दिशा ठरवतो. म्हणूनच चिमटा उलटा बसला, तर सगळे उलटे घडते. बाहेरून येणारी वीज उपकरणाला शिल्लक वाटते आणि रात्रभर ग्रिडच्या विजेवर पाणी तापत राहते. उपकरण बसवल्यावर अंधार पडू द्यावा, टाकीतले थोडे गरम पाणी काढून टाकावे आणि कॉइलकडे वीज जात नाही ना, हे एकदा पाहावे.

शिल्लक मोजली, आता तेवढीच वीज कॉइलला द्यायची. इथे कॉइलचा साधेपणा कामी येतो. जेम्स जूल यांनी १८४१ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे रोधातून निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. प्रवाह सलग आला की तुकड्या-तुकड्याने, याने कॉइलला फरक पडत नाही. मोटर किंवा कॉम्प्रेसर असा तुटक पुरवठा सहन करणार नाही. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात सेकंदाला ५० पूर्ण आवर्तने असतात. कॉइल ३००० वॅटची आणि शिल्लक १२०० वॅट असेल, तर डायव्हर्टर त्यांतली २० आवर्तने कॉइलकडे जाऊ देतो आणि ३० अडवतो. त्या २० आवर्तनांत कॉइल पूर्ण ताकदीनेच वीज ओढते, पण बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर थोड्या ऊर्जेचा जमाखर्च पोटात ठेवून मगच नोंद करतात, त्यामुळे सरासरी १२०० वॅट धरली जाते. या पद्धतीत कधीकधी घरातले दिवे लुकलुकतात, आणि सेकंदाला आठ-दहा वेळा होणारी लुकलुक माणसाच्या डोळ्याला सर्वांत जास्त खुपते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भाग कापून उरलेलाच पुढे पाठवतात. तिच्यात दिवे शांत राहतात, पण लाट कापल्यामुळे विद्युत गोंगाट तयार होतो आणि तो रोखायला चांगला फिल्टर लागतो.

ज्या गीझरमध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बोर्ड असतो, त्याला अशी कापलेली वीज देऊ नये. साधी कॉइल आणि यांत्रिक थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापमानाला पोचले की वीज तोडणारा स्विच) असलेली टाकीच यासाठी योग्य. पॅनेलची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज थेट कॉइलला जोडण्याचा मोह तर अजिबात करू नये. एसी प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, त्यामुळे थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू उघडताना उडालेली ठिणगी विझते. डीसीमध्ये तो शून्याचा क्षण येतच नाही. ठिणगीची ज्योत टिकून राहते, संपर्कबिंदू वितळून चिकटतात आणि पाणी अमर्याद तापू लागते.

टाकीच्या आतही थोडे लक्ष द्यावे लागते. गरम पाणी वर राहते आणि थंड खाली, म्हणून शिल्लक विजेसाठी तळाची कॉइल वापरावी. वरची कॉइल फक्त वरचा थर तापवते आणि खालची जागा रिकामीच जाते. २०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापताना सुमारे ३ लिटरने फुगते, तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू स्थितीत असायलाच हवा. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लिजिओनेला हा जिवाणू. तो साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो आणि ६० अंशांच्या आसपास वेगाने मरतो. सलग ढगाळ दिवस आले की शिल्लक विजेवर तापणारी टाकी नेमकी कोमट अवस्थेत अडकते. अशा वेळी ग्रिडची वीज वापरून टाकी अधूनमधून ६० अंशांपर्यंत नेणे हा अपव्यय नाही, आरोग्याची गरज आहे. आणि ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा भाजते, म्हणून नळाच्या आधी थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह हवाच, विशेषतः लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरात.

ग्रिडला दिलेल्या युनिटाचा मोबदला घेतलेल्या युनिटाइतकाच मिळत असेल, तर ही सगळी खटपट करण्यात पैशाचा फायदा नाही, कारण ग्रिडच तिथे बॅटरीचे काम करतो. हीटपंप (आसपासच्या हवेतली उष्णता खेचून पाण्यात सोडणारे यंत्र) असेल तर तो एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता पाण्याला देतो, आणि दुपारी तोच चालवणे जास्त शहाणपणाचे. केवळ पाणीच तापवायचे असेल, तर पाणी खेळवणारे सौर तापक आजही क्षेत्रफळाच्या हिशेबात सरस आहेत: ते उन्हातली निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा पकडतात, तर पॅनेल सुमारे २० टक्के. डायव्हर्टर शोभतो तो पॅनेल आधीच बसवलेले आहेत आणि बाहेर जाणाऱ्या विजेला फारसा मोबदला नाही अशा घरात.

त्या घरातही खरेदीआधी एक स्वस्त प्रयोग करून पाहता येतो. ३००० वॅटच्या कॉइलऐवजी १००० वॅटची कॉइल इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावी आणि ती टायमरवर ११ ते ३ या वेळात चालवावी. चार तासांत चार युनिट, म्हणजे १०० लिटर पाणी सुमारे ३४ अंशांनी गरम. एवढी लहान मागणी विरळ ढगांतही बहुधा शिल्लक विजेतच भागते. महिनाभर मीटरचे आकडे लिहून ठेवले, की डायव्हर्टरने आणखी किती वीज वाचली असती हे त्याच वहीत दिसेल; काही घरांत तो आकडा मोठा निघतो, काहींत इतका लहान की टायमरच पुरेसा ठरतो.