घरगुती एअर रायफल रेंज (मुंबई)

घराच्या परसात, गच्चीवर किंवा घरातच एअर रायफलीच्या सरावासाठी आखलेली बंदिस्त जागा. नेमबाज उभा राहतो ती फायरिंग लाइन, लक्ष्याचे कार्ड, छर्रा अडवणारी पेटी आणि तिच्यामागची भिंत ही तिची चार अंगे. पाहणाऱ्याचे लक्ष कार्डाकडे जाते. रेंज मात्र चुकलेल्या छऱ्यासाठी बांधावी लागते. मुंबईत हे अधिकच खरे, कारण इथे कुठल्याही दिशेला दहा-वीस पावलांवर कुणाची तरी खिडकी असते.

स्पर्धेतील अंतर १० मी. असते. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मी. उंचीवर येतो. छऱ्याचा व्यास ४.५ मिमी., वजन साधारण अर्धा ग्रॅम. कार्डावरचे काळे वर्तुळ ३०.५ मिमी. व्यासाचे आणि दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिमी. स्पर्धेच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला सुमारे १७० मी. वेगाने सुटतो, म्हणजे त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास भरते. आकडा लहान वाटतो, पण डोळा कायमचा जायला एवढी ऊर्जा पुरते आणि मोकळ्यावर सुटलेला छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो. चौपाटीवर फुगे फोडणारी बंदूक लहानपणी हाताळलेली असल्यामुळे अनेकांना एअर रायफल खेळणे वाटते. ही समजूत रेंज बांधण्याआधीच मोडायला हवी.

मुंबईत परस उरले आहे ते मुख्यतः गावठाणांतील जुन्या घरांना आणि वसई-उरणकडच्या वाड्यांना. बाकीच्यांची नजर गच्चीकडे वळते आणि खरा धोका तिथेच आहे. गच्चीचा कठडा साधारण कंबरेएवढा, तर लक्ष्याचा मध्य उभ्या माणसाच्या छातीपाशी. कठड्याकडे तोंड करून मारलेला, कार्ड चुकलेला छर्रा कठड्यावरून थेट शेजारच्या इमारतीकडे निघतो. म्हणून गच्चीवर लक्ष्य लावायचेच असेल तर ते जिन्याच्या खोलीच्या बंद भिंतीवर लावावे. दार असलेल्या बाजूला कधीही नाही. कपडे काढायला किंवा पापड-कुरडया उलटायला कोणीही न सांगता वर येते. सराव सुरू असताना दाराला गच्चीच्या बाजूने कडी हवी आणि दाराबाहेर पाटीही हवी. शिवाय सोसायटीची गच्ची सामायिक असते, तेव्हा कमिटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. दोन्ही बाजूंना उंच प्लायवूडचे पडदे उभे करता येत नसतील, तर गच्चीवरच्या रेंजचा नाद सोडलेलाच बरा. हिरवी जाळी किंवा ताडपत्री छर्रा अडवत नाही. ती फक्त नजर अडवते.

छर्रा अडवणारी पेटी गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सहज करून मिळते. ३ ते ५ मिमी. जाडीचा लोखंडी पत्रा पेटीत ४५ अंशांत, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली, असा बसवायचा. छर्रा त्यावर आपटून चपटा होतो आणि खाली तळाशी पडतो. पत्रा सरळ उभा ठेवला तर शिशाचे तुकडे उलटे उडतात. दुसरा मार्ग म्हणजे लाकडी खोक्यात जुने कापड घट्ट कोंबणे आणि त्यामागे लोखंडी पत्रा ठेवणे. याचा आवाज कमी होतो, आणि चाळीत किंवा पातळ भिंतींच्या इमारतीत ही गोष्ट मोलाची ठरते. मात्र सतत एकाच जागी मारल्याने कापडाचा भुगा होतो, तेव्हा ते वरचेवर बदलावे. पेटीचे तोंड कार्डाएवढे नव्हे, त्याच्या कितीतरी पट मोठे असावे. नवशिक्यासाठी दीड-दोन फूटही कमीच पडते. दगड, बाटल्या, नारळाचे झाड किंवा पत्र्याचा डबा ही लक्ष्ये नव्हेत. पोलादी गोळ्या तर या रेंजवर आणूच नयेत; शिसे आपटून चपटे होते, पोलाद उसळून परत येते.

घरात १० मी. सलग जागा मुंबईत फार थोड्यांकडे असते. हॉलमधून बेडरूमच्या टोकापर्यंत रेषा आखली तर वाटेतली दारे कोण, केव्हा उघडेल याचा भरवसा नसतो. इमारतीचा पॅसेज तर या कामासाठी वापरूच नये. अशा वेळी अंतर ५ मी. करून काळे वर्तुळही निम्मे, म्हणजे सुमारे १५ मिमी. करावे, डोळ्याला दृश्य तेच दिसते. अनेक नेमबाज घरी छर्रा न भरता फक्त पवित्रा, श्वास आणि ट्रिगर यांचा सराव करतात, ज्याला ड्राय फायर म्हणतात. मुंबईच्या घरासाठी हाच सर्वांत चांगला सराव आहे. स्प्रिंगच्या बंदुकीने मात्र तो करू नये, स्प्रिंग आणि वॉशर खराब होतात. २०२० च्या टाळेबंदीत रेंज बंद असताना देशभरातल्या नेमबाजांनी घरीच सराव सांभाळला होता. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये एअर रायफलचे सुवर्णपदक मिळवले, त्यामागेही घरची रेंज होती. मुंबईची वाट वेगळी. नेमबाज अंजली भागवत घडली ती वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर. आधी अशा रेंजवर प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिस्त अंगवळणी पाडावी, मग घरी पेटी लावावी, हा क्रम उलटू नये.

शिस्त थोडकी आहे, पण तिला अपवाद नाही. नळीचे तोंड सदैव पेटीकडे. बंदूक खाली ठेवताना ती रिकामी करून नळीत भगव्या रंगाची सेफ्टी दोरी घालायची. ‘स्टॉप’ कोणीही म्हणू शकते, घरातले लहान मूलसुद्धा, आणि ते ऐकताच बोट ट्रिगरवरून निघाले पाहिजे. डोळ्यांवर चष्मा सगळ्यांच्याच, पाहणाऱ्यांच्याही.

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिमी.पर्यंत व्यास आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. पण निष्काळजीपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ लागू होते, आणि पोपट किंवा घार टिपणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे.

शिसे विषारी आहे. सराव संपला की साबणाने हात धुवावेत, रेंजवर चहा-वडापाव खाऊ नये, आणि पेटीभोवतीची जागा केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. खारी हवा आणि पावसाळा पत्र्याला गंजवतात. गंजाने खवले सुटलेला पत्रा छऱ्याला वेड्यावाकड्या दिशेने परतवतो, म्हणून जूनपूर्वी घासून रंग द्यावा.

नवी रेंज सुरू करताना पेटीभोवती चारही बाजूंना कोरा पुठ्ठा लावावा आणि रोज मारलेले छर्रे मोजून लिहावेत. पुठ्ठ्यावरची भोके चुकलेले छर्रे कुठे जातात ते दाखवतात. भोक पुठ्ठ्याच्या कडेजवळ सापडले की त्या दिवशी सराव तिथेच थांबवून आधी पेटी मोठी करून घ्यावी.